बिनफोडणीचा घास

तांबड्या भोपळ्याची एक फोड ओट्यावर ठेवा. चिरायची घाई नको. घरच्यांचा स्वयंपाक उरकलेला असू द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या. पाटावर, खुर्चीवर, जसं जमेल तसं बसा. आजचं मनन आपण हातांनी करणार आहोत, आणि ते घरातल्या कुत्र्यासाठी आहे. घरात कुत्रं नसेल तर गल्लीतलं एखादं ओळखीचं मनात आणा, रोज फाटकापाशी दिसणारं. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला की मग फोडीकडे पाहा.

बाहेरून साल हिरवट-तपकिरी, कुठे पिवळे चट्टे. आतला गर सालीलगत फिकट आणि मध्याकडे जाता जाता गडद केशरी. मधोमध ओलसर धाग्यांचं जाळं, त्यात अडकलेल्या चपट्या बिया. आमच्या साताऱ्याच्या बाजारात हा तांबडा भोपळा. कुठे तो लाल भोपळा, कुठे डांगर, खानदेशात गंगाफळ, विदर्भात कोहळं. इतकी नावं मिळालेलं हे फळ मुळात आपलं नाही. त्याचं कूळ अमेरिका खंडातलं. 16व्या शतकानंतर कधीतरी ते समुद्र ओलांडून आलं आणि असं रुजलं, की आज ऋषीच्या भाजीत ते हवं, श्राद्धाच्या पानावर ते हवं, आणि दिवाळीच्या आधी घारगे हवेत तर त्याच्यावाचून अडतं.

माझ्या आजोळी पहिल्या पावसात उकिरड्याच्या कडेला बी टोचायचे. वेल गोठ्याच्या छपरावर चढायचा. श्रावणात पिवळीधमक फुलं यायची, त्यातली काही भज्यांसाठी खुडली जायची. नवरात्राच्या सुमाराला पानं वाळू लागली की छपरावर भोपळे दिसायला लागायचे, जणू रातोरात कुणी आणून ठेवलेत. देठ सुकला की आजी ते उतरवून माळ्यावर एकमेकांना न टेकवता मांडायची. अख्खा, कुठेही न दुखावलेला भोपळा कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो. म्हणून त्याचा हंगाम एका महिन्याचा नसतो. पावसाने भरलेलं फळ अश्विनात हाती येतं आणि पौषापर्यंत पुरवून पुरवून खाल्लं जातं.

तो काळ, पाऊस संपून थंडी सुरू होतानाचा, थोडा वेळ मनात राहू द्या. सकाळी अंगणात दव असतं. कुत्रं उन्हाचा तुकडा शोधून त्यात अंगाचं वेटोळं करतं, आणि ऊन सरकलं की त्याच्याबरोबर सरकतं.

आता डोळे मिटा आणि फोड नाकाशी धरा. पहिल्यांदा विशेष काही जाणवत नाही. थांबा. हळूहळू काकडीसारखा ओला वास येतो, मग कलिंगडाच्या सालीचा, आणि त्याखाली जरासा मातीचा. काकडी, कलिंगड, दुधी, कारलं ही सगळी याचीच भावंडं, म्हणून वासही नात्यातला. आपल्याला एवढंच कळतं. दाराशी बसलेल्या जिवाला याहून पुष्कळ जास्त कळलेलं असतं.

आमची चिंगी अकरा वर्षांची आहे. गावठी, पिवळट रंगाची, डावा कान मोडलेला. भोपळा पिशवीतून निघाला की तिला हाक मारावी लागत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवून ती बसलेली असते, उंबरा न ओलांडता. तिच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 20 कोटींहून जास्त असतात. जिभेवर मात्र चवीच्या कळ्या सुमारे 1700. आपल्या जिभेवर त्या 9000च्या आसपास. डोळ्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, तांबडा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे आपण ज्या केशरी रंगावर भाळलो तो तिच्यासाठी पिवळसर, मळकट असा काही आहे. तिचा भोपळा नाकात आहे.

यावर थोडं रेंगाळा. एकच फोड, एकाच ओट्यावर, आणि दोन जीव तिच्याकडे दोन वेगळ्या वाटांनी येत आहेत. खाऊ घालायची सुरुवात मला इथून करावीशी वाटते. समोरच्याची वाट आपल्या वाटेहून वेगळी आहे एवढं आधी मनाशी मान्य करायचं.

गराचा नखाएवढा तुकडा काढा आणि स्वतः चाखा. कच्चाच. तो गोडसर लागेल, किंवा बेचव लागेल. दोन्ही चालतं. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि सगळा भोपळा टाकून द्या.

तुकोबांच्या नावावर एक गोष्ट सांगतात. तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींजवळ त्यांनी एक कडू भोपळा दिला. जिथे जिथे तुम्ही स्नान कराल तिथे यालाही बुडवून आणा, म्हणाले. मंडळी सगळी तीर्थं करून परतली. त्या भोपळ्याची भाजी केली, पंगतीत वाढली, आणि ती कडूच निघाली. कीर्तनात ही गोष्ट माणसाच्या मनाविषयी असते. स्वयंपाकघरात ती शब्दशः खरी आहे. या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. ती धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. कुत्रं तोंडात आलेलं चावत बसत नाही, गिळून मोकळं होतं. म्हणून त्याच्या वाटणीचं चाखणं आपल्याकडे येतं.

आता चिरायला घ्या. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते वैराला म्हणतात, आणि जुन्या भोपळ्याची साल कापताना त्या म्हणीतला जोर मनगटाला कळतो. घाई करू नका, बोटं सांभाळा. साल पूर्ण काढा, कारण ती चामट असते, लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकते. मधलं जाळं आणि बियाही काढा. देठ आणि पानं तर नकोतच, त्यांच्यावर टोचरी लव असते. बिया धुऊन वाळत घाला, त्या माणसांना खाता येतात. बियांनी कुत्र्याचे जंत पडतात असं सांगणारे तुम्हाला भेटतील. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे द्या. त्या बाबतीत बियांवर विसंबून राहू नका.

बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून चाळणीत ठेवा, खाली पातेल्यात पाणी, वर झाकण. पंधरा मिनिटं पुरे होतात. या पंधरा मिनिटांत उठू नका. झाकणाखाली पाणी उकळू लागल्याचा आवाज येईल, मग वाफेचा. तेवढ्या वेळात आपण त्या घासाच्या पुढच्या प्रवासाला मनाने जाऊन येऊ.

तो तोंडातून फारसा न चावता जठरात उतरतो, तिथे घुसळला जातो आणि लहान आतड्यात येतो. भोपळ्यातला थोडाफार पिठूळपणा तिथे पचतो. हा पिठूळपणा पचवण्याची ताकद कुत्र्याने माणसाजवळ राहून मिळवली आहे. 2013 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवण्याचा जो जनुक आहे, त्याच्या लांडग्यात 2 प्रती होत्या आणि कुत्र्यांत 4 ते 30. हजारो वर्षं आपल्या चुलीच्या आसपास, आपलं उरलंसुरलं खात जगलेल्या प्राण्याच्या शरीरात ती सोबत अशी लिहिली गेली आहे. चतकोर भाकरी टाकणाऱ्या कितीतरी हातांचा त्यात वाटा असेल. ज्यांनी ती टाकली त्यांना याची कल्पनाही नव्हती.

गराचा केशरी रंग म्हणजे बीटा कॅरोटिन. कुत्र्याचं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवू शकतं. मांजराला ते जमत नाही, त्याला ते मांसातूनच आयतं मिळावं लागतं.

मग उरतं ते मोठ्या आतड्यात जातं. इथे भोपळ्याचं खरं काम आहे. त्याचा चोथा पूर्ण पचत नाही. त्यातला जो भाग पाण्यात विरघळतो तो पाणी धरून ठेवतो, बुळबुळीत होतो. पोट बिघडून पातळ होत असेल तर तो जादा पाणी शोषून मळाला आकार देतो. मळ कडक होऊन अडला असेल तर तोच भाग ओल धरून त्याला मऊ करतो. परस्परविरुद्ध दिसणाऱ्या दोन तक्रारींवर एकच फोड उपयोगी पडते ती यामुळे. शिवाय आतड्यातले जिवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. आपण एका कुत्र्याला खाऊ घालतोय असं वाटतं, पण त्याच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव त्याच घासाची वाट पाहत असतात.

फार मोठं काही नाही हे. भोपळ्याच्या 100 ग्रॅम गरात 90 ग्रॅमहून जास्त पाणी असतं आणि फक्त 26 कॅलरी. तो औषध नाही. कुत्र्याच्या मळात रक्त दिसलं, उलट्या थांबत नसल्या, ते मलूल पडलं, जुलाब एक-दोन दिवसांत आवरले नाहीत, तर भोपळा बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. पिलू असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही. पण रोजच्या, साध्या, थोड्या नरमगरम पोटासाठी तो चांगला आधार आहे. आणि वजन वाढलेलं कुत्रं सारखं खायला मागत असेल तर दोन बिस्किटांऐवजी भोपळ्याच्या चार फोडी देऊन त्याचं पोटही राहतं आणि मनही.

वाफ धरली असेल. झाकण काढा, सुरी टोचून पाहा. अडकली नाही तर झालं. फोडी वाटीत घ्या, चमच्याने दाबा. रंग आता आणखी गडद झालेला दिसेल.

इथे थांबा. या मननात सगळ्यात जास्त वेळ मला इथे थांबायचं आहे.

वाटी समोर आली की हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो. त्याला लगेच अडवू नका. आधी नुसतं पाहा, तो कसा जातो. आपल्या हाताला बिनमिठाचं काही वाढायची सवय नाही. भोपळा म्हटला की त्याच्यापुढे मेथीदाण्याची फोडणी येते, सुकी मिरची येते, गुळाचा खडा येतो, वरून खोबरं येतं. नुसता उकडलेला भोपळा वाढणं म्हणजे कुणाला तरी कमी लेखणं असं आत कुठेतरी वाटतं. पाहुण्याला आपण तसं कधी वाढणार नाही. आजाऱ्याला वाढतो, तेही हळहळत.

आता विचारा: हे मीठ कुणासाठी आहे?

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी चिंगीला घारगे दिले. भोपळ्याचेच होते. चांगला गूळ, साजूक तुपात तळलेले, वरून जायफळ किसलेलं. घरात सगळे खात होते, तिने एकटीनेच का पाहत बसायचं, असं मला वाटलं. तिने एका घासात संपवला, दुसराही संपवला. शेपटी जमिनीवर आपटत होती. मला भरून आलं आणि मी तिसरा दिला. त्या रात्री ती तीनदा ओकली. सकाळी पाणीसुद्धा तिच्या पोटात ठरेना. पाठ कमानीसारखी करून ती कोपऱ्यात उभी होती, बसताही येत नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं आणि सांगितलं की तुपकट, तळलेल्या खाण्याने स्वादुपिंडाला सूज आली आहे, आणि अशी सूज जिवावर बेतू शकते. चिंगीचं निभावलं. पाच दिवस तिला सलाइन लावायला नेत होते. शेवटच्या दिवशी मी विचारलं, आता खायला काय देऊ? ते म्हणाले, मऊ भात द्या, आणि त्यात दोन चमचे भोपळा कालवा. नुसता उकडून. काही घालू नका.

तोच भोपळा. मधे फक्त माझी आवड आली होती.

हे मी स्वतःला दोष देण्यासाठी आठवत नाही. आठवते ते अशासाठी, की ते घारगे देताना माझ्या मनात प्रेमाशिवाय काहीही नव्हतं. त्या प्रेमात खोट नव्हती. पण त्यात ती नव्हती. तिचं पोट, तिचं स्वादुपिंड, तिच्या अंगाची रचना यांचा मला त्या क्षणी विसर पडला होता. मला गोड ते तिला गोड, एवढं धरून मी चालले होते. तुम्हीही डोळे मिटून असा एक प्रसंग आठवा, जिथे तुम्ही मनापासून दिलं आणि घेणाऱ्याला ते सोसलं नाही. कुत्र्याचाच असायला हवा असं नाही. त्याला तसाच समोर राहू द्या. त्याची बाजू मांडू नका, आणि त्याच्यावर रागावूही नका.

मग मिठाचा डबा बंद करा.

बाकीचे डबेही एकदा नजरेखालून घाला, कारण आपल्या फोडणीतल्या काही गोष्टी कुत्र्याला नुसत्या नकोशा नाहीत, घातक आहेत. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवले तरी, पूड केली तरी. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, थोड्या मनुकांनीही. खिरीतलं जायफळ जास्त गेलं तर मेंदूवर चढतं. गूळ विष नाही, पण त्याला त्याची गरज नाही. साखरेऐवजी वापरायचं झायलिटॉल घरात असेल तर ते कुत्र्यापासून कुलपात ठेवण्याच्या लायकीचं आहे, इतकं ते वाईट. आणि कालच्या भाजीतल्या फोडी धुऊन देऊ म्हणाल तर देऊ नका. लसणाचा अर्क फोडीत उतरलेला असतो.

वाटी निवायला ठेवा. बाहेरून कोमट लागली तरी भोपळ्याच्या पोटात वाफ कोंडलेली असते, बोट खुपसून पाहिल्याशिवाय कळत नाही. दहा मिनिटं तरी लागतील. चिंगीला ही दहा मिनिटं फार जड जातात. ती एकदा वाटीकडे पाहते, एकदा माझ्याकडे, आणि मग लांब श्वास सोडून हनुवटी पंजांवर टेकते. तिच्याबरोबर आपणही थांबू.

भाद्रपदातल्या पितृपक्षात काकबळी, गोग्रास आणि श्वानबळी काढण्याची आपल्याकडे रीत आहे. पानावरचा एक वाटा कुत्र्यासाठी वेगळा ठेवायचा. त्या पानावर भोपळ्याची भाजी असते, म्हणजे वर्षातून एकदा का होईना, भोपळा आणि कुत्रं यांची गाठ आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या पडत आली आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, काळभैरवाचं तर ते वाहनच. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण श्वानबळीचं पान गल्लीच्या टोकाला ठेवून घरी परतताना मागे वळून पाहिल्याचं मला आठवत नाही. कुत्र्याने त्यातलं काय खाल्लं, काय हुंगून सोडलं, त्याला ते मानवलं का, हे कुणी पाहत नसे. वाटा पितरांच्या नावाने काढलेला असे आणि तो ठेवला की आपलं काम झालेलं असे.

नामदेवांची गोष्ट आठवते. नैवेद्याची पोळी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी पोळी कशी खाशील म्हणून. चिंगीच्या आजारपणानंतर ही गोष्ट कितीतरी दिवस माझ्या मनात सलत होती. तूप तर मीही दिलं होतं. मग एकदा अशाच निवायला ठेवलेल्या वाटीपाशी बसले असताना ध्यानात आलं, की त्या गोष्टीतलं कुत्रं उपाशी आहे. दिवसभर वणवण करून पोट खपाटीला गेलेलं. त्याच्या तोंडात कोरडी पोळी आहे आणि ती घशाला अडकेल, हे नामदेवांना दिसलं. तूप त्या घशासाठी होतं. माझ्या हातात घारगा होता तेव्हा मी माझ्याच ताटाकडे पाहत होते.

उपाशी कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. भोपळा हे जेवण नाही. गल्लीतल्या, बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्याला भोपळ्याच्या फोडी देऊन समाधान मानू नका. त्याला भाकरी हवी, वरणभात हवा, अंडं परवडलं तर फारच चांगलं, सगळं कांदा-लसणाशिवाय. त्यात कालवून दोन चमचे भोपळा गेला तर उत्तम. ठरलेल्या जागी, रस्त्याच्या कडेला, द्रोणात द्या आणि खाऊन झाल्यावर द्रोण उचला.

आता मापाचं. प्रेमाला माप नसतं असं आपण म्हणतो, पण वाटीला असावं लागतं. डॉक्टर मंडळी सांगतात की वरखाऊ, मग तो कोणताही असो, दिवसभराच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावा. चिंगीचं वजन 12 किलो आहे. तिला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे वरखाऊसाठी 60. पोह्याच्या दोन चमच्यांएवढा भोपळा म्हणजे 30 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 8 कॅलरी. हिशेबाने मी तिला पाव किलोभर देऊ शकेन. पण कॅलरी परवडल्या तरी आतड्याला तेवढा चोथा परवडत नाही. जास्त झालं की पोट फुगतं, नाहीतर ज्यासाठी दिलं तेच बिघडतं. म्हणून दोन चमचे. पहिल्यांदाच देत असाल तर एक चमचा, आणि दुसऱ्या दिवशी पाहा. लहान चणीच्या कुत्र्याला चहाचा एक चमचा पुरतो, मोठ्या अंगाच्याला पोह्याचे तीन-चार. भोपळ्यात पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला, तसंच मधुमेही कुत्र्याला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. उरलेला गर झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. बर्फाच्या साच्यात घालून गोठवला तर एकेक वडी काढून घेता येते, फक्त ती पूर्ण वितळू द्या.

बोट घालून पाहा. निवलाय.

वाटी हातात घेऊन उंबऱ्याशी जा आणि खाली बसा. उभ्याने देऊ नका. जमिनीवर बसलं की तिचे डोळे आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतात. वाटी ठेवा आणि हात मागे घ्या. काही बोलू नका. गोड आहे का गं, आवडलं का, असं विचारायचा मोह होतो. तिला तिचं तिला खाऊ द्या.

ती आधी हुंगते. एवढा वेळ दुरून घेतलेला वास जवळून खात्री करून घेते. मग जिभेच्या टोकाने एकदा. मग खालचा जबडा वाटीत घालून एक मोठा घास, आणि पुढचे दोन घास इतके भराभर, की मोजायला वेळ मिळत नाही. वाटी सरकते, भिंतीला टेकते, तिथे ती चाटून चाटून पुसली जाते. मिठाचा कण नाही, तुपाचा थेंब नाही. नाकावर केशरी ठिपका राहतो आणि तोही जिभेने काढला जातो. सगळं मिळून अर्धं मिनिट.

तासाभराची तयारी आणि अर्ध्या मिनिटाचं खाणं. या अर्ध्या मिनिटात काही चुकल्यासारखं वाटलं तर तेही पाहा. आणखी काहीतरी द्यावं असं वाटेल. वाटी रिकामी आहे आणि ती आपल्याकडे पाहते आहे, हे सहन करणं अवघड असतं. मी अजूनही शिकते आहे. तिच्या मोडक्या कानामागे खाजवते, आणि उठते.

उद्या सकाळी फिरायला न्याल तेव्हा ती शी करताना मान फिरवू नका. पाहा. बांधून झालेली, ओलसर, सहज उचलता येणारी असेल तर भोपळा मानवला. किंचित केशरी छटा दिसली तर घाबरू नका, तो रंगच आहे. पातळ असेल तर माप अर्ध्यावर आणा. तिला मानवलं की नाही याचं उत्तर तिने तिथे ठेवलेलं असतं.

आज एवढंच. भांडी विसळून टाका, बिया उन्हात सरकवा. आणि उठण्याआधी तिचं पाण्याचं भांडं घासून, ताज्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. चोथ्याला काम करायला पाणी लागतं. थंडीच्या दिवसांत कुत्री पाणी कमी पितात.